पोरगा ‘वाईन’ शिकतो म्हणजे नेमकं काय करतो?

यवतमाळ : “पोरगा वाईनमध्ये एम.एस्सी. करतो” असं सांगितलं की पारावर हशा पिकतो. पण हा अभ्यासक्रम खरंच आहे, पुण्याजवळ मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्ये. आणि त्यात पिण्यापेक्षा मोजणंच जास्त.

अशा प्रोजेक्टचा प्रश्न छोटा असतो. समजा, द्राक्षं आठ दिवस उशिरा तोडली तर काय फरक पडतो? विद्यार्थी बागेतल्या वेगवेगळ्या वेलींचे मणी घेतो, रस काढतो. रिफ्रॅक्टोमीटरच्या काचेवर दोन थेंब टाकले की साखर किती, ते ब्रिक्समध्ये दिसतं. आंबटपणा वेगळा मोजायचा. मग रसात यीस्ट घालायचं. ते साखर खातं आणि तिचं अल्कोहोल व कार्बन डायऑक्साइड करतं. एका लिटरमधली साधारण १७ ग्रॅम साखर संपली की १ टक्का अल्कोहोल तयार होतं. रोजची साखर, रोजचं तापमान वहीत लिहायचं. दोन दिवस गावी गेलं की हिशेब तुटला!

आपल्याकडे नाशिक-सांगलीसारख्या द्राक्षबागा नाहीत, पण मोहफुलं आहेत. त्यांतही भरपूर साखर असते. कशी वाळवली तर साखर टिकते, बुरशी कमी लागते, हा बी.एस्सी.च्या पोरापोरींसाठी चांगला विषय आहे.

मात्र घरी मडक्यात प्रयोग नको. १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार विनापरवाना दारू तयार करणं गुन्हा आहे; ‘प्रोजेक्ट होता’ म्हणून सुटका होत नाही. आंबवायचंच असेल तर आधी गाईडला विचारा आणि परवानगीचे कागद कॉलेजमार्फतच करा.