गहू सोडण्याआधी

"मॅडम, मी ग्लूटेन बंद केलंय."

पुण्यात आहारसल्ल्याचं काम करताना हे वाक्य हल्ली माझ्या कानावर वारंवार पडतं. मी विचारते, का बंद केलं? कुणाला जिममधल्या ट्रेनरने सांगितलेलं असतं, कुणाच्या नणंदेचं वजन त्याने उतरलेलं असतं, कुणी मोबाइलवर व्हिडिओ पाहिलेला असतो. मग माझा पुढचा प्रश्न असतो: गव्हाऐवजी काय खाता? उत्तरात पांढरा भात, इडली, साबुदाणा, मक्याचे पोहे आणि 'ग्लूटेन फ्री' असं छापलेली महागडी बिस्किटं येतात. तिथे मला खरी काळजी वाटते. गव्हातला एक घटक टाळायला निघालेल्या या निरोगी माणसाच्या ताटातून कोंडा मात्र पुरता नाहीसा झालेला असतो.

म्हणून माझं म्हणणं आधीच स्पष्ट सांगते. ज्याला गव्हाचा आजार आहे, त्याने गव्हाचा कणही खाऊ नये. ज्याला तो नाही, त्याने पोळीला घाबरण्याचं काही कारण नाही. आणि आपल्याला तो आजार आहे की नाही, हे तपासणीने ठरवायचं, अंदाजाने नाही.

ग्लूटेन म्हणजे काय, हे घरच्या घरी पाहता येतं. कणकेचा घट्ट गोळा मळा, अर्धा तास झाकून ठेवा आणि नळाच्या बारीक धारेखाली चोळत धुवा. पांढरं पाणी निघून जातं, ते स्टार्च. हातात उरतो तो चिवट, ताणला तर लांबणारा लगदा. कोंड्याचे कण सोडले, तर तो जवळजवळ सगळा ग्लूटेनच. ग्लायाडिन आणि ग्लूटेनिन ही गव्हातली प्रथिनं पाणी लागून मळली गेली की त्यांची ही जाळी तयार होते. कुरडया करणाऱ्या बायकांना हे चांगलं माहीत आहे. गहू तीन दिवस भिजवून, वाटून, गाळून काढतात तो चीक म्हणजे मुख्यतः स्टार्च, आणि मागे राहणाऱ्या चोथ्यात कोंडा आणि बरंचसं ग्लूटेन असतं. या जाळीमुळेच पोळी पातळ लाटता येते, फुगते आणि पावाला जाळी पडते. ज्वारीत ती नाही. म्हणून भाकरीचं पीठ गरम पाण्याने भिजवावं लागतं आणि भाकरी हाताने थापावी लागते.

ग्लूटेन गव्हात आहे, जवात आहे आणि युरोपात खाल्ल्या जाणाऱ्या राय नावाच्या धान्यात आहे. ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ, मका, वरई, राजगिरा यांच्यात ते नाही.

आता ज्यांना ते खरोखर बाधतं, त्यांच्याविषयी. सीलिॲक नावाचा आजार आहे. त्यात ग्लूटेन पोटात गेलं की शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच लहान आतड्यावर उलटते. आतड्याच्या आतल्या बाजूला अन्नरस शोषणारे बारीक उंचवटे असतात, ते झिजून सपाट होतात. मग खाल्लेलं अंगी लागत नाही. गहू आणि हा आजार यांचा संबंध दाखवून दिला तो विलेम-कारेल डिके या डच बालरोगतज्ज्ञांनी. हेग शहरात काम करताना त्यांना 1930 च्या दशकातच गव्हाचा संशय आला होता. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, 1944-45 च्या हिवाळ्यात, नेदरलँड्समध्ये भीषण उपासमार झाली, पाव मिळेनासा झाला. त्या काळात सीलिॲकची मुलं सुधारली आणि पाव पुन्हा मिळू लागल्यावर बिघडली. यामुळे डिके यांचा संशय पक्का झाला आणि 1950 मध्ये त्यांनी आपला प्रबंध सादर केला. तोपर्यंत या आजारात अनेक मुलं दगावत असत. आज गहू, जव आणि राय आयुष्यभर कटाक्षाने टाळले, तर ही मुलं इतरांसारखीच वाढतात.

जगात साधारण शंभरात एकाला हा आजार असतो. आपल्या देशात तो सगळीकडे सारखा नाही. दिल्लीच्या एम्समधल्या डॉ. गोविंद मखारिया यांच्यासह अनेक संशोधकांनी देशाच्या वेगवेगळ्या भागांत पाहणी केली, ती 2016 मध्ये प्रसिद्ध झाली. उत्तर भारतात हे प्रमाण शंभरात एकाच्या आसपास निघालं, दक्षिणेत हजारात एकाच्या आसपास. आजाराला अनुकूल असलेली जनुकं दोन्हीकडे साधारण सारखीच होती. फरक मुख्यतः ताटातल्या गव्हाचा होता.

माझ्याकडे एक नऊ वर्षांची मुलगी आली होती. तिची उंची वयाच्या मानाने फार कमी होती आणि लोहाची औषधं देऊनही हिमोग्लोबिन चढत नव्हतं. पोटाची मोठी तक्रार नव्हती, त्यामुळे घरच्यांच्या मनात गव्हाचा विचारही आला नव्हता. डॉक्टरांनी टीटीजी-आयजीए ही रक्ततपासणी करून घेतली, नंतर दुर्बिणीतून आतड्याचा तुकडा काढून तपासला, आणि निदान झालं. पोळी, रवा, मैदा, शेवया बंद झाल्या. तरी रक्तातली प्रतिद्रव्यं पुरती उतरेनात. तिच्या आईबरोबर बसून मी घरातला एकेक डबा तपासला, तेव्हा हिंग सापडला. बाजारातल्या बांधणीच्या हिंगात बहुधा गव्हाचं पीठ असतं. मेतकुटात गहू होते, थालीपिठाच्या भाजणीत गहू होते आणि ज्वारीचं पीठ गल्लीतल्या गिरणीतून येत होतं, जिथे आधी कुणाचं तरी गव्हाचं दळण झालेलं असायचं. 'ज्वारीवर ज्वारी दळा' असं आपण गिरणीवाल्याला सांगतो, पण या मुलीला तेवढ्याने भागत नाही. तिच्यासाठी घरात वेगळी चक्की घ्यावी लागली.

इथे एक गोष्ट फार महत्त्वाची आहे. ही तपासणी गहू खाणं चालू असतानाच करायची असते. आधीच गहू सोडला, तर रक्तातली प्रतिद्रव्यं कमी होत जातात, आतडं भरून यायला लागतं आणि आजार असूनही तपासणीत तो दिसत नाही. म्हणून सतत जुलाब होत असतील, रक्त वाढत नसेल, हाडं ठिसूळ झाली असतील, मुलाची वाढ खुंटली असेल किंवा सख्ख्या नात्यात कुणाला सीलिॲक असेल, तर आधी डॉक्टरकडे जा. पोळी सोडायची ती नंतर, निदान झाल्यावर.

काही जणांची तपासणी स्वच्छ येते, तरी पोळी खाल्ली की पोट फुगतं. त्यांचा त्रास खरा असतो, तो मी कधीच नाकारत नाही. पण दोषी ग्लूटेनच आहे का? मेलबर्नच्या मोनाश विद्यापीठात अशा 37 जणांवर केलेला प्रयोग 2013 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांच्या आहारातून पोटात आंबणाऱ्या काही विशिष्ट साखरा आधी कमी केल्या, तेव्हा सगळ्यांना बरं वाटलं. मग त्यांना नकळत ग्लूटेन दिलं, तर ग्लूटेनचा असा वेगळा परिणाम दिसला नाही. नॉर्वेत 59 जणांवर झालेल्या आणि 2018 मध्ये छापलेल्या प्रयोगात ग्लूटेनपेक्षा फ्रुक्टनने जास्त त्रास झाला. फ्रुक्टन हे गव्हातलंच एक कर्बोदक. ते कांद्यात आणि लसणातही भरपूर असतं. गहू बंद करून कांदा-लसणाचं वाटण चापून खाणाऱ्याचं पोट तरीही फुगतं, ते त्यामुळे. अशा माणसाने प्रमाण कमी करून, एकेक पदार्थ काढून आणि परत आणून पाहावं. त्यासाठी पोळी जन्मभरासाठी हद्दपार करायला नको.

आता ज्यांना काहीच त्रास नाही, त्यांच्याकडे येते. ग्लूटेन सोडल्याने हृदय सुरक्षित राहतं, असं सांगितलं जातं. अमेरिकेत सुमारे 65 हजार स्त्रिया आणि 45 हजार पुरुष, सगळे आरोग्यसेवेत काम करणारे, यांच्या 26 वर्षांच्या आहाराच्या नोंदी संशोधकांनी तपासल्या. ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये 2017 साली आलेल्या या अभ्यासात ग्लूटेन जास्त खाणाऱ्यांना हृदयविकार जास्त होतो, असं दिसलं नाही. उलट ग्लूटेन टाळताना अख्खी धान्यं सुटली, तर हृदयाला असलेला त्यांचा फायदाही सुटेल, असा इशारा संशोधकांनी दिला. 2019 मध्ये लॅन्सेटमध्ये 185 दीर्घकालीन अभ्यास आणि 58 प्रयोग एकत्र करून मांडणी झाली. तंतुमय पदार्थ भरपूर खाणाऱ्यांमध्ये मृत्यू, हृदयविकार, मधुमेह आणि मोठ्या आतड्याचा कर्करोग यांचं प्रमाण 15 ते 30 टक्क्यांनी कमी दिसलं. दिवसाला 25 ते 29 ग्रॅम तंतू पोटात जाणाऱ्यांना हा फायदा ठळक होता.

हे तंतू येतात कुठून? हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2017 मध्ये भारतीय अन्नपदार्थांचे तक्ते प्रसिद्ध केले. त्यानुसार 100 ग्रॅम कणकेत सुमारे 11 ग्रॅम तंतू आहेत, मैद्यात पावणेतीन. ज्वारीत 10, बाजरीत साडेअकरा, नाचणीत 11, पांढऱ्या तांदळात पुन्हा पावणेतीनच. चार पोळ्यांना 120 ग्रॅम कणीक लागते असं धरलं, तर तुम्हाला 13 ग्रॅमपेक्षा जास्त तंतू मिळतात, म्हणजे दिवसाची निम्मी गरज. त्याच वजनाच्या मैद्याच्या नानमधून तीन-साडेतीन ग्रॅम. धान्य तेच, गहूच. ग्लूटेन दोन्हींत आहे. फरक कोंडा आणि अंकुर काढून टाकण्याचा आहे, कारण तंतूंबरोबर लोह, जस्त आणि ब गटातली जीवनसत्त्वंही मुख्यतः तिथेच असतात.

"पण मॅडम, माझं वजन खरंच उतरलं." उतरलं असणार. गहू सोडताना पाव, खारी, नानकटाई, बिस्किटं, पिझ्झा, समोसा हे सगळं एकदम सुटलं. हे गहू ठेवूनही सोडता येतं.

"पूर्वीचा गहू वेगळा होता, आता ग्लूटेन वाढलंय." अमेरिकेच्या कृषी खात्यातले डोनाल्ड कसार्डा यांनी तिकडच्या गव्हाच्या विसाव्या शतकातल्या नोंदी 2013 मध्ये तपासल्या. सुधारित वाणांमुळे ग्लूटेन वाढल्याचा स्पष्ट पुरावा त्यांना मिळाला नाही. आणि सांगली-सातारा-कोल्हापूरकडचा खपली गहू उत्तमच आहे, पण तो गहूच आहे, त्यात ग्लूटेन आहे. 'खपली सीलिॲकला चालतो' असं सांगून विकणारा विक्रेता घातक सल्ला देतो.

माझं माहेर मंगळवेढ्याकडचं, मालदांडी ज्वारीच्या काळ्या रानातलं. भाकरीवर माझा जीव आहे, आणि जेवणात ती परत यावी असं मला मनापासून वाटतं. 2023 हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्यांचं वर्ष म्हणून साजरं केलं, तेव्हा शहरातही ज्वारी-बाजरीची चर्चा झाली, याचा मला आनंदच झाला. नाचणीच्या 100 ग्रॅम पिठात 360 मिलिग्रॅमच्या वर कॅल्शियम आहे, बाजरीत लोह चांगलं आहे, ज्वारीला पाणी कमी लागतं. भाकरी खाण्याची ही खरी कारणं आहेत. गव्हाच्या भीतीपोटी ती खाण्याची गरज नाही. सकाळी पोळी, रात्री भाकरी, हिवाळ्यात बाजरी, मुलांना नाचणीचं आंबील, असा फेर ठेवला की पुरे.

एक सावधगिरीही सांगायला हवी. अख्खं धान्य चांगलं म्हणून कितीही खावं, असं नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी मधुमेह पाहणीनुसार आपल्याला जवळपास 62 टक्के ऊर्जा कर्बोदकांतून मिळते. याच पाहणीवर आधारित 2025 च्या अभ्यासात असं दिसलं, की कर्बोदकांचं एकूण प्रमाण तेवढंच ठेवून पांढऱ्या भाताच्या जागी नुसती कणीक किंवा भरडधान्यं आणली, तर मधुमेहाचा धोका कमी होत नाही. तो कमी झालेला दिसला, तो धान्याचा काही वाटा काढून तिथे डाळी किंवा दूध-दही आणल्यावर. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2024 च्या मार्गदर्शनातही धान्यांतून येणारी ऊर्जा 45 टक्क्यांपर्यंतच असावी, असं म्हटलं आहे. म्हणजे चौथी पोळी बाजूला ठेवून उसळीची वाटी दुसऱ्यांदा भरायची. मटकी, मूग, हरभरा, घट्ट वरण, ताक हे आपल्या जेवणात आहेच, त्याचं माप वाढवायचं.

खरेदी करताना एवढं पाहा. पाकिटाच्या मागे घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेले असतात. पहिलं नाव मैद्याचं असेल, तर पुढे 'मल्टिग्रेन' लिहिलेलं असो की 'ब्राउन', तो मैद्याचाच पदार्थ. तपकिरी रंग कॅरॅमलचाही असू शकतो. 'ग्लूटेन फ्री' बिस्किटात तांदळाचं पीठ, मक्याचं स्टार्च, साखर आणि तेल किती आहे, ते वाचा. आणि घरी कणीक बारीक चाळणीने चाळून कोंडा फेकू नका.

शेवटी पुन्हा त्या मुलीसारख्या माणसांविषयी, कारण ग्लूटेन सोडण्याच्या फॅशनची किंमत त्यांना मोजावी लागते. त्यांच्यासाठी आपल्या देशात नियम आहे: एक किलो पदार्थात 20 मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लूटेन असेल, तर त्यावर 'ग्लूटेन फ्री' लिहिता येत नाही. इतकं काटेकोर पथ्य त्यांना पाळावं लागतं. पण हौसेने गहू सोडलेला पाहुणा लग्नात पुरणपोळी खातो आणि पाहणाऱ्यांचा समज होतो की ग्लूटेनचं पथ्य म्हणजे मनाचे चोचले. मग खऱ्या रुग्णालाही "थोडंसं खाल्लं तर काय होतंय?" असा आग्रह होतो, आणि त्या थोडक्यानेही त्याचं आतडं पुन्हा दुखावतं. तेव्हा निरोगी असाल, तर कोंड्यासकट गहू निःशंक खा. त्रास होत असेल, तर पोळी चालू ठेवून तपासून घ्या. आणि शेजारच्या घरात कुणी "याला गव्हाचं चालत नाही" असं सांगितलं, तर त्यावर विश्वास ठेवा आणि त्याच्यासाठी वेगळ्या तव्यावर, स्वच्छ परातीत थापलेली भाकरी करा.