गोंगाटातली नोकरी

स्वमग्न, म्हणजे ऑटिझम असलेला मुलगा शिकतो, कॉम्प्युटरवर तरबेज होतो, नोकरीलाही लागतो. मग काही महिन्यांत ती सोडून घरी बसतो. काम त्याला येत असतं. पण एकाच मोठ्या हॉलमध्ये सगळ्यांची टेबलं, फोन, बोलणी, डोक्यावरचे पांढरे दिवे, हे सारं एकदम अंगावर येतं.

गोंगाट कापणारे हेडफोन इथे कामी येतात. त्यांतला मायक्रोफोन बाहेरचा आवाज टिपतो आणि त्याच्या उलट लहर सोडून तो दाबतो. एसीची घरघर त्याने बरीच जाते. शेजारच्या गप्पा मात्र ऐकू येतच राहतात. तेव्हा आम्ही म्हणू, हेडफोनवर हजारो रुपये घालण्याआधी कोपऱ्यातली जागा मागा, कामाच्या सूचना चॅटवर लिहून मागा. याला पैसा लागत नाही.

पण मागायचं तर ऑटिझम आहे हे सांगावं लागतं, आणि घोडं तिथेच अडतं. भाईचं कळलं तर बहिणीचा रिश्ता जमणार नाही, म्हणून अम्मी कागद कपाटात ठेवते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझम आहे. सरकारी कार्यालयांवर अशा वाजवी सोयी देण्याचं बंधन आहे. खासगी कंपन्यांनाही समान संधीचं धोरण जाहीर करावं लागतं. नोकरी धरण्याआधी ते मागून वाचा.