जेवण आले, पण स्वयंपाकघर कुठे?

एप्रिल २०२४ मध्ये गोरेगावात एका गाडीवरचे चिकन शॉरमा खाऊन बाराएक जण उलट्या-जुलाबांनी आजारी पडले. पुढच्याच महिन्यात ट्रॉम्बे भागात शॉरमा खाल्लेला १९ वर्षांचा मुलगा दगावला आणि विक्रेत्यांना अटक झाली. दोन्ही वेळा संशय कुणावर घ्यायचा, हा प्रश्न फार काळ उरला नाही. गाडी सगळ्यांना ठाऊक होती.

आता समजा, हेच चिकन मरोळच्या एखाद्या गाळ्यात शिजले, ॲपवर चार वेगवेगळ्या नावांनी विकले गेले आणि दुचाकीवरून अंधेरी, पवई, घाटकोपरच्या चाळीस घरांत पोहोचले. प्रत्येक रुग्ण आपापल्या फॅमिली डॉक्टरकडे जाईल, कुणाला सलाइन लागेल, बहुतेक दोन-तीन दिवसांत कामावर परततील. चाळीस जणांची साथ चाळीस सुट्या तक्रारी होऊन विरून जाईल आणि त्या गाळ्यातला टोप दुसऱ्या दिवशी पुन्हा चुलीवर चढेल.

फक्त घरपोच पुरवठा करणाऱ्या 'क्लाउड किचन'चा मोठा धोका मला इथे दिसतो. ही स्वयंपाकघरे सरसकट अस्वच्छ असतात, असे मी म्हणणार नाही. वातानुकूलित हॉटेलच्या भटारखान्यात डोकावलेल्यांना मी काय म्हणतो ते कळेल. पण हॉटेलात निदान वेटरची नखे दिसतात, बेसिन दिसते, वास येतो आणि उठून बाहेर पडता येते. ॲपवर दिसतो तो फोटो.

फ्राइड राइसचेच पाहा. तांदळात 'बॅसिलस सेरियस' या जिवाणूचे बीजाणू असू शकतात आणि ते उकळूनही मरत नाहीत. दुपारी शिजवलेला भात मोठ्या पातेल्यात संध्याकाळपर्यंत बाहेर राहिला की ते रुजतात, वाढतात आणि विष तयार करतात. हे विष कढईत परतून नष्ट होत नाही. त्यामुळे 'गरमागरम' आलेला भात खाऊनही तासाभरापासून पाच-सहा तासांत उलट्या सुरू होऊ शकतात. साधारण ५ ते ६० अंश सेल्सिअस हा जिवाणूंच्या भरभराटीचा टप्पा. लोक रहदारीत अडकलेल्या डिलिव्हरीवाल्याला दोष देतात, पण त्याच्या अर्ध्या तासापेक्षा ओट्यावर गेलेले चार-पाच तास जास्त घातक.

दुसरी अडचण निदानाची. बहुतेक रुग्ण शेवटच्या खाण्याला दोष देतात, आणि त्यात बिचारी पाणीपुरी हमखास सापडते. साल्मोनेलाची लक्षणे मात्र सहा तासांपासून तीन दिवसांपर्यंत कधीही दिसू शकतात. परवा रात्री काय खाल्ले, हे कुणाला आठवते? गंमत अशी, की ते ॲपला नेमके आठवते. पदार्थ, वेळ, स्वयंपाकघर, सगळे.

न्यूयॉर्कजवळ १९०६ मध्ये एका घरातल्या ११ पैकी ६ जणांना टायफॉइड झाला. जॉर्ज सोपर यांनी शोध घेतला तेव्हा वेगवेगळ्या कुटुंबांतल्या रुग्णांना जोडणारा एकच दुवा निघाला : मेरी मॅलन ही स्वयंपाकीण. तिला स्वतःला काहीच त्रास नव्हता. सोपर यांना घरोघर हिंडावे लागले, आज तो दुवा संगणकात तयार असतो.

कायदा नाही, असे नाही. २००६ च्या अन्न सुरक्षा आणि मानके कायद्याखाली या स्वयंपाकघरांनाही परवाना किंवा नोंदणी लागते, ॲप कंपन्यांनाही लागते. महापालिकेचा आरोग्य परवाना आणि अग्निशमनाचे नियम वेगळेच. २०१८ मध्ये केंद्रीय प्राधिकरणाच्या आदेशानंतर ॲप कंपन्यांनी देशभरातली दहा हजारांहून अधिक विनापरवाना ठिकाणे यादीतून काढली. जून २०२५ मध्ये राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाने धारावीतल्या एका घरपोच किराणा कंपनीच्या गोदामाचा परवाना निलंबित केला.

या कारवाया योग्यच होत्या, पण परवाना हा एका दिवसाचा कागद आहे. त्याच कायद्याच्या कलम ३५ नुसार ठरावीक भागातल्या डॉक्टरांना अन्नविषबाधेचे रुग्ण कळवणे बंधनकारक करता येते. उपनगरांत याचा नेटाने वापर व्हावा. एकाच स्वयंपाकघराबद्दल तीन दिवसांत उलट्या-जुलाबांच्या दोन-तीन तक्रारी आल्या, तर ॲपने ग्राहकाला पैसे परत करून विषय मिटवू नये, प्रशासनाला त्याच दिवशी कळवावे. आणि पाकिटावर शिजवल्याची वेळ, स्वयंपाकघराचा खरा पत्ता आणि त्या पत्त्यावरून चालणारी सगळी नावे छापावीत.

गाळ्यातल्या माणसांचे काय? साकीनाक्याच्या खैरानी रोडवर डिसेंबर २०१७ मध्ये फरसाणाच्या गाळ्याला पहाटे आग लागली आणि तिथेच झोपलेले १२ कामगार गेले. जिथे रांधायचे तिथेच झोपायचे, अशी वेळ कामगारांवर येते तिथे त्यांचा जीव धोक्यात असतो आणि आपले अन्नही. स्वयंपाक्यांची दरवर्षी वैद्यकीय तपासणी आणि टायफॉइडची लस, हे नियमात आहे. पण जुलाब होत असताना सुट्टी घेतली तर रोजंदारी बुडते. मग तो हात धुतो, न धुतो, आणि कणीक मळायला बसतो. भरपगारी आजारपणाची रजा ही अन्नसुरक्षेची उपाययोजना आहे, असे मी तरी मानतो.

बोरिवली-मुलुंडमध्ये घरून डबे देणाऱ्या बायकांना मात्र याच दांडक्याने हाणू नये. वीस डब्यांसाठी साधी नोंदणी, पाण्याची तपासणी आणि एक दिवसाचे प्रशिक्षण पुरे.

तोवर, बाहेरचे खाऊन घरातल्या दोघा-तिघांना त्रास झाला तर उरलेले अन्न फेकू नका. झाकून, नाव लिहून फ्रिजमध्ये ठेवा, ऑर्डरचा स्क्रीनशॉट काढा आणि अन्न व औषध प्रशासनाच्या १८००-२२२-३६५ या क्रमांकावर कळवा. लहान मूल, गर्भवती किंवा वृद्ध असेल, लघवी कमी झाली असेल, शौचातून रक्त पडत असेल किंवा ताप चढला असेल, तर मीठ-साखरेचे पाणी पाजत थेट रुग्णालय गाठा आणि तिथल्या डॉक्टरांना तीन दिवसांच्या ऑर्डर दाखवा.