पाय रोवणारं यंत्र

शेततळ्यापासून पाइपलाइनच्या चारीपर्यंत कुठलंही खोदकाम निघालं की गावात एकच शब्द ऐकू येतो: 'जेसीबी बोलवा.' ही आद्याक्षरं इंग्लंडच्या जोसेफ सिरिल बॅमफर्ड यांची. त्यांच्या कंपनीने १९५३ मध्ये फोर्डसन मेजर ट्रॅक्टरला पुढे लोडर आणि मागे खोदणारा हात जोडला. आज लहान ट्रॅक्टरच्या मागेही असा हात, म्हणजे बॅकहो, बसवला जातो. बघणाऱ्यांची नजर बकेटवर असते. ताकद मात्र टिकते ती जमिनीवर टेकणाऱ्या मागच्या दोन पायांवर.

कारण सोपं आहे. बकेट माती ओढते तेव्हा मातीही ट्रॅक्टरला तितक्याच जोराने बकेटकडे ओढते. मोठं यंत्र स्वतःच्या वजनावर तग धरतं, हलका ट्रॅक्टर मात्र सरकतो. म्हणून खोदण्याआधी हायड्रॉलिकने पाय खाली टेकवून मागच्या चाकांवरचा भार काढतात आणि पुढची बकेटही जमिनीला लावतात.

इथे पायाच्या तळाशी असलेल्या पाटीचं गणित येतं. समजा, एका पायावर ६०० किलो भार आहे. पाटी १५ बाय २० सेंटिमीटरची असेल तर प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर २ किलो दाब पडतो. तीच पाटी ३० बाय ३० केली की दाब ०.७ किलोच्या आत येतो. पावसाळ्यातल्या काळ्या मातीत हा फरक मोठा. वाफसा नसलेल्या रानात लहान पाटी आत जाते आणि ट्रॅक्टर एका अंगाला कलतो.

म्हणून वेल्डिंगवाल्याकडे पाटीखाली जाड पत्रा जोडून घेतात आणि तो वाकू नये म्हणून वरून त्रिकोणी आधारपट्ट्या मारतात. पण पाटी वाढवली की दुसरं दुखणं सुरू होतं. तिची एकच कड दगडावर टेकली, तर लांबलेल्या कडेमुळे पिन, बुश आणि पायाच्या दांड्याला जास्त पीळ बसतो. शिवाय पाय वर घेतल्यावरही रुंद पाटी बांधाला किंवा झुडपाला अडते.

पकड हा वेगळाच प्रश्न. सपाट पत्रा मातीवर घसरतो, त्याला खाली दातेरी पट्ट्या लागतात. त्याच पट्ट्या फरशीवर ओरखडे काढतात. यावर एक सुरेख तोडगा आहे: पिनवर उलटणारी पाटी. एका अंगाला दाते, दुसऱ्या अंगाला जाड रबर.

बदल केला की चाचणी आलीच. आधी सपाट जागेवर पाय टेकवून सिलिंडरच्या चकाकत्या दांड्यावर खडूची खूण करतात. तासाभराने ती सरकलेली दिसली, तर दोष पाटीचा नसून सिलिंडरच्या सीलचा किंवा व्हॉल्व्हचा असू शकतो. मग भरलेली बकेट जमिनीलगत ठेवून, हात लांबवून हळूहळू डावीकडे, उजवीकडे फिरवतात. हाताच्या टप्प्यात कुणी उभं राहायचं नाही. भाराकडचा पाय किती रुतला, ते पट्टीने मोजतात. विरुद्ध बाजूचा पाय जमिनीवरून सुटू लागला, की चालक तिथेच हात थांबवतो आणि बकेट खाली टेकवतो.

मुरमावर पास झालेली पाटी ओल्या रानात पुन्हा तपासावी लागते. तिथे पाय उचलल्यावर मातीत उमटलेला ठसा बघण्यासारखा असतो. चारही कडा सारख्या खोल असतील, तर पाटी पिनवर मोकळी फिरते आहे. एकच कड खोल गेली असेल, तर पिन काढून, गंज खरवडून ग्रीस भरायचं आणि पाय पुन्हा त्याच रानात टेकवायचा.