ऑफिसचं ॲप तुमच्या फोनमध्ये आलं, म्हणजे कंपनीही फोनमध्ये आली का?

टीम्सवर आलेला ऑफिसचा मेसेज तुम्ही कॉपी केला, व्हॉट्सॲपवर पेस्ट करायला गेलात आणि मजकुराऐवजी वेगळीच ओळ उमटली: तुमच्या संस्थेचा डेटा इथे पेस्ट करता येणार नाही.

मग साहजिकच डोकं फिरतं. फोन माझा, त्याचे हप्ते माझ्या पगारातून जातात, मग माझ्या कॉपी-पेस्टवर बंदी घालणारी कंपनी कोण? आणि ती एवढं करू शकत असेल, तर माझे फोटो आणि चॅटही बघत असेल का?

थोडक्यात उत्तर द्यायचं तर, बहुतेक वेळा नाही. पण तुमच्या फोनवर कंपनीने कोणती पद्धत वापरली आहे, यावर ते अवलंबून असतं. म्हणूनच 'अलाऊ'वर बोट ठेवण्याआधी ती पद्धत समजून घ्यायला हवी.

कंपन्या एवढ्या का घाबरतात?

कर्मचाऱ्याने स्वतःच्याच फोनवर ऑफिसचं काम करायचं, या पद्धतीला 'बीवायओडी' म्हणतात. कंपनीचा फोनचा खर्च वाचतो, पण एक अडचण उभी राहते. त्या फोनमध्ये आणखी कोणती ॲप्स आहेत, घरात तो कोणाकोणाच्या हातात जातो, हे कंपनीला माहीत नसतं.

यातून काय होऊ शकतं, हे सप्टेंबर 2022मध्ये उबरच्या बाबतीत दिसलं. कंपनीच्या अंतर्गत यंत्रणेत एक हॅकर शिरला. उबरने नंतर दिलेल्या माहितीनुसार, एका कंत्राटी कर्मचाऱ्याच्या वैयक्तिक डिव्हाइसमध्ये मालवेअर आलं होतं. त्यातून उबरचा पासवर्ड फुटला आणि हॅकरने तो बहुधा डार्क वेबवरून विकत घेतला. लॉगिन करताना कर्मचाऱ्याकडे मंजुरीची सूचना जायची, त्यामुळे हॅकर सुरुवातीला अडला. पण त्याने प्रयत्न सोडले नाहीत. सूचना येतच राहिल्या आणि शेवटी कर्मचाऱ्याने त्यातली एक मंजूर केली.

भारतात 2023च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानुसार लोकांचा डेटा सांभाळण्याची जबाबदारी तो गोळा करणाऱ्या कंपनीची आहे. पुरेशी सुरक्षा न ठेवल्यास 250 कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. डेटा कर्मचाऱ्याच्या फोनवरून फुटला, एवढं सांगून कंपनीला हात झटकता येत नाहीत.

कंपनीकडे तीन मार्ग असतात

पहिला: अख्खा फोन ताब्यात. याला 'एमडीएम' म्हणतात. फोनची कंपनीकडे नोंदणी होते. मग लॉक कसा असावा हे कंपनी ठरवू शकते, फोन दुरून लॉक करू शकते आणि पूर्ण अधिकार दिलेले असतील तर फोन फॅक्टरी रीसेटही करू शकते. म्हणजे ऑफिसच्या मेलसोबत लेकराच्या बारशाचे फोटोही जातील. कंपनीनेच दिलेल्या फोनसाठी हे ठीक आहे. स्वतःच्या फोनसाठी होकार देताना दहादा विचार करा.

दुसरा: फोनचे दोन भाग. अँड्रॉइडमध्ये याला 'वर्क प्रोफाइल' म्हणतात. ऑफिसच्या ॲप्सवर छोट्या ब्रीफकेसचं चिन्ह दिसतं. कंपनीचा अधिकार फक्त त्या भागावर चालतो. नोकरी सोडली की तो भाग पुसला जातो, तुमचा भाग तसाच राहतो. शिवाय सुट्टीच्या दिवशी हे प्रोफाइल तुम्ही थांबवूनही ठेवू शकता. आयफोनमध्ये 2019च्या आयओएस 13पासून खासगी आणि ऑफिसचा डेटा वेगळा ठेवणारी नोंदणीची सोय आहे.

तिसरा: कुलूप फक्त ॲपला. फोनची नोंदणीच होत नाही. घर तुमचं आणि त्यात कंपनीची एक तिजोरी, असा हा प्रकार. किल्ली कंपनीकडे, पण फक्त तिजोरीची. मायक्रोसॉफ्टच्या इंट्यूनसारख्या यंत्रणेतून आउटलूक, टीम्स अशा ॲप्सना हे नियम लावले जातात.

तिजोरी नेमकं काय करते?

ऑफिसचं ॲप उघडताना वेगळा पिन मागितला जातो. ॲपमधला कंपनीचा डेटा एन्क्रिप्ट केलेला असतो. फाइल गॅलरीत किंवा खासगी ड्राइव्हवर सेव्ह करणं अडवता येतं. सुरुवातीला सांगितलेली कॉपी-पेस्टची बंदी यातलीच. फोन रूट केलेला असेल किंवा त्याची ऑपरेटिंग सिस्टीम फार जुनी असेल, तर ॲप उघडायलाच नकार देतं. फोन हरवला किंवा नोकरी सुटली, तर कंपनी फक्त त्या ॲप्समधला ऑफिसचा डेटा पुसते.

अँड्रॉइडवर यासाठी 'कंपनी पोर्टल' नावाचं ॲप घ्यावं लागतं आणि तिथेच अनेकजण घाबरतात. पण ते नुसतं इन्स्टॉल केल्याने फोन कंपनीच्या ताब्यात जात नाही. डिव्हाइसची नोंदणी ही वेगळी पायरी असते. ती स्क्रीनवर आली, तर थांबून वाचा.

मग कंपनीला काय दिसतं?

तिसऱ्या पद्धतीत फोनचं मॉडेल, ऑपरेटिंग सिस्टीमची आवृत्ती आणि ऑफिसच्या खात्यातल्या हालचाली दिसतात. तुमचे फोटो, कॉल, एसएमएस किंवा व्हॉट्सॲप चॅट दिसत नाहीत.

पण एक मेख आहे. ऑफिसच्या टीम्सवर मित्राशी केलेल्या खासगी गप्पाही कंपनीच्याच खात्यात साठतात. त्या कंपनी पाहू शकते, मग फोन कोणाचाही असो. ऑफिसच्या वाय-फायवर तुम्ही कोणत्या साइटवर गेलात, हेही कळू शकतं.

आणि ऑफिस म्हणजेच व्हॉट्सॲप ग्रुप असेल तर?

आपल्याकडे किती तरी दुकानं, क्लासेस, दवाखाने आणि एजन्सींचं सगळं काम व्हॉट्सॲपवर चालतं. ग्राहकाचं आधार कार्ड, पेशंटचा रिपोर्ट, चेकचा फोटो, सगळं ग्रुपवर. तिथून ते आपोआप गॅलरीत आणि गॅलरीचा बॅकअप सुरू असेल तर क्लाउडवर. अशा ठिकाणी तिजोरी नसतेच. नोकरी सोडलेल्या माणसाच्या फोनमध्ये अनोळखी लोकांची कागदपत्रं वर्षानुवर्षं पडून राहतात आणि कोणाच्या ते लक्षातही येत नाही.

निदान एवढं तरी करा. अशा ग्रुपची 'मीडिया व्हिजिबिलिटी' बंद करा, म्हणजे त्यानंतर आलेले फोटो गॅलरीत दिसणार नाहीत. व्हॉट्सॲपचं टू-स्टेप व्हेरिफिकेशन सुरू करा. काम झालं की कागदपत्रं डिलीट करा.

तुम्ही काय करायचं?

- आयटी विभागाला तीन प्रश्न विचारा: माझ्या फोनची नोंदणी होणार का? तुम्हाला काय दिसेल? नोकरी सोडल्यावर नक्की काय पुसलं जाईल? उत्तरं मेलवर मागा.
- आयफोनमध्ये सेटिंग्ज, जनरल आणि मग 'व्हीपीएन अँड डिव्हाइस मॅनेजमेंट' इथे कंपनीचं प्रोफाइल आहे का, ते बघा. अँड्रॉइडमध्ये ॲप्सवर ब्रीफकेसचं चिन्ह शोधा.
- व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिका किंवा ई-चलन म्हणून आलेली एपीके फाइल उघडू नका. अनोळखी ॲपला ॲक्सेसिबिलिटीची परवानगी दिलीत, तर ते स्क्रीनवरचा मजकूर वाचू शकतं. मग तिजोरी कितीही पक्की असली तरी उपयोग नाही.
- तुम्ही लॉगिन करत नसताना मंजुरीची सूचना आली, तर नकार द्या, पासवर्ड बदला आणि आयटीला कळवा. दहा वेळा आली, तरी दहाही वेळा नकारच.
- खासगी फोटोंचा बॅकअप ठेवा. फोन कोणत्याही पद्धतीत असो, हे हवंच.

फोन हरवला, तर लगेच कंपनीला सांगा. अख्खा फोन पुसतील या भीतीने लोक सांगायला वेळ लावतात आणि तेवढ्या वेळात फोन ज्याच्या हाती लागला, त्याला संधी मिळते. पुसणार काय, हे आधीच माहीत असेल तर ही भीती उरत नाही. म्हणून ते तीन प्रश्न फोन हरवण्याची वाट न बघता आजच विचारा.