शिडाच्या होडीने जंजिऱ्यावर

रायगड जिल्ह्यात मुरूडजवळच्या राजपुरी गावाच्या धक्क्यावरून जंजिरा किल्ल्यावर माणसे पोचवण्याचे काम मुख्यतः शिडाच्या होड्या करतात. किल्ला राजपुरी खाडीच्या तोंडाशी असलेल्या बेटावर आहे. धक्क्यावर उभे राहिले की तट स्पष्ट दिसतो, पण तिथवर पोचायला किती वेळ लागेल हे वारा सांगतो.

सकाळी जमिनीकडून मतलई वारे वाहतात, तेव्हा होडी फारशी खटपट न करता सुटते. दुपारी समुद्रावरून खारे वारे सुरू झाले की खरे कसब लागते. मग थेट किल्ल्याच्या रोखाने जाता येत नाही. वारा तिरका घेऊन आधी एका अंगाला जायचे, मग शीड फिरवून दुसऱ्या अंगाला. शीड तिकोनी असते आणि डोलकाठीला तिरक्या बांधलेल्या लांब वाशावर ताणलेले असते. एक खलाशी सुकाणू धरतो, दुसरा शिडाची दोरी हातात ठेवून वाऱ्याच्या जोराप्रमाणे ती ताणतो किंवा सैल सोडतो. होडी एका कुशीवर कलली की उतारूंना वरच्या बाजूला सरकायला सांगितले जाते. उतारूंचे वजन हेही इथे एक साधनच. वारा पडला तर वल्ही निघतात.

या संथ प्रवासात किल्ल्याची रचना आपोआप उलगडत जाते. नागपूरच्या सीताबर्डीचा किल्ला टेकडीच्या उंचीचा आधार घेतो. जंजिऱ्याला तशी उंची नाही. त्याचे तट थेट पाण्यातून उठतात, पायथ्याशी फौज उतरवायला पुळण नाही. महादरवाजा राजपुरीच्या दिशेला असूनही बुरुजांच्या आड असा बसवला आहे की होडी अगदी जवळ येईपर्यंत तो नजरेस पडत नाही. सिद्दींकडून हा किल्ला मराठ्यांना कधीच घेता आला नाही. शिवाजी महाराजांनी त्याला शह द्यायला मुरूडसमोरच्या बेटावर पद्मदुर्ग बांधला. संभाजी महाराजांनी 1682 मध्ये राजपुरीच्या बाजूने समुद्रात भराव घालायला सुरुवात केली, पण मुघल फौजा स्वराज्यात शिरल्याने त्यांना माघारी फिरावे लागले. भरावाची ती कल्पना किती धाडसी होती, हे होडीतून मधले पाणी पाहिल्यावरच कळते.

दरवाज्यापाशी प्रवासाचा सर्वांत अवघड भाग येतो. होडी पायऱ्यांना भिडवून ठेवता येत नाही, कारण लाट तिला वर उचलते आणि खाली आपटते. लाटेने होडी पायरीच्या पातळीला आणली की खलाशी हात देतो आणि उतारू पाऊल टाकतो. घाई आणि संकोच दोन्ही सारखेच धोक्याचे. ओहोटीला शेवाळलेल्या खालच्या पायऱ्या उघड्या पडतात, तेव्हा जास्तच जपावे लागते.

आत शिरताना दरवाज्यावर हत्तींना पकडलेल्या वाघासारख्या प्राण्याचे शिल्प दिसते. पुढे एकेकाळच्या नांदत्या गावाचे अवशेष आहेत: मशीद, पडके वाडे, गोड्या पाण्याचे दोन तलाव. चहूकडे खारे पाणी असताना वेढा सोसता आला, तो या तलावांच्या जोरावर. तोफांपैकी कलालबांगडी सर्वांत प्रसिद्ध. जंजिरा संस्थान 1948 मध्ये भारतात विलीन झाले. आज बेटावर वस्ती नाही.

होडीवाले परतीची वेळ आधीच बजावून सांगतात, कारण त्याच होडीला पुढच्या फेरीचे उतारू आणायचे असतात. दुपारचा वारा परतताना साथ देतो आणि येतानापेक्षा कमी वेळ लागतो. पावसाळ्यात दर्या खवळला की ही वाहतूक बंद राहते.