पाण्यावाचून बेट : चाकूर तालुक्यातील एका स्थलनामाचा विचार

भूगोलाच्या पाठ्यपुस्तकांत बेट म्हणजे सर्व बाजूंनी पाण्याने वेढलेला भूभाग होय. लातूर जिल्ह्यातील चाकूर तालुक्यात, समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर, वडवळ नागनाथनजीकच्या टेकडीस मात्र लोक ‘बेट’ म्हणतात. ‘वनस्पती बेट’ व ‘संजीवनी बेट’ ही तिची रूढ नावे होत.

हा प्रयोग सदोष मानण्याचे कारण नाही. ‘बांबूचे बेट’ या प्रयोगात झाडांचा दाट पुंजका अभिप्रेत असतो. दोन्ही अर्थांचा समान गाभा पाणी हा नसून भोवतालाहून वेगळेपण हा आहे. वेल्श भाषेतील ‘अनिस’ या शब्दाची गती अशीच आहे. अँगलसी या मोठ्या बेटाचे वेल्श नाव ‘अनिस मोन’ असे आहे. परंतु दक्षिण वेल्समधील खोऱ्यांत, समुद्रापासून दूर असलेल्या गावांच्या नावांतही हाच शब्द येतो. तेथे त्याचा अर्थ नदीकाठची कुरणे वा दलदलीतील उंचवटा असा होतो. मेनाईच्या सामुद्रधुनीवर १८२६ साली झुलता पूल झाला, तरी अँगलसीचे बेटपण भाषेत टिकून राहिले.

बालाघाटच्या या पठारावर बेसाल्ट खडक व काळी जमीन असून ज्वारी, तूर, हरभरा आणि अलीकडील दशकांत सोयाबीन ही मुख्य पिके होत. नांगराखालील या विस्तारात औषधी वनस्पतींनी युक्त टेकडी वेगळी उठून दिसते. द्रोणागिरी नेताना हनुमंताच्या हातून त्याचा अंश येथे पडला, ही लोककथा त्या वेगळेपणाचाच उलगडा करू पाहते. चाकूरचा परिसर हैदराबाद संस्थानात बीदर जिल्ह्यात होता. १९५६ साली तो उस्मानाबादकडे व १९८२ साली नव्या लातूर जिल्ह्याकडे आला. जिल्हे बदलले, ‘बेट’ हे नाव राहिले.

या नावाचा आधार मात्र नाजूक आहे. पाला खुडला तर झाड पुन्हा फुटते. मुळी उपटली तर ते कायमचे जाते. अनेक औषधी वनस्पतींचे मोल मुळांत असल्याने वाढती मागणी टेकडीस भोवतालच्या माळासारखीच करून सोडील. समुद्रातील बेट पाणी राखते. वडवळचे बेट तेथील वनस्पतीच राखतात. त्या नाहीशा झाल्यास शब्द उरेल, पण त्याचा अर्थ सांगण्यासाठी कोशच उघडावा लागेल.